नसलेला बॉल

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई अजूनही माझी पुस्तकं देवापुढे मांडते. आता त्यांच्यात इंजिनियरिंग ड्रॉइंगची टी-स्क्वेअरही असते. ती पाटावर मावत नाही, म्हणून आई ती भिंतीला टेकवून ठेवते आणि तिच्या टोकाला हळदकुंकू लावते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ह्या लांब पट्टीचं नेमकं काय करतात ते मी आईला दोनदा सांगितलंय, पण ती बहुधा ऐकताना माझ्या तोंडाकडेच बघत असते. पूजा मात्र मनापासून करते.

यंदा त्या पट्टीवरचं कुंकू बघताना मला शाळेतला बास्केटबॉल आठवला. परीक्षेतल्या उत्तरांखेरीज मी कधी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे जमेल की नाही माहीत नाही. तरी लिहून बघतो.

मी तेव्हा आठवीत होतो. बाबा कुर्डुवाडीकडचे, बदली होऊन चेन्नईला रेल्वेच्या कारखान्यात लेथ मशीनवर आलेले. आम्ही क्वार्टर्समध्ये राहत होतो आणि मी जवळच्याच शाळेत जात होतो. त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझी पॅंट घोट्याच्या बरीच वर गेली होती. पी.टी. सरांनी, म्हणजे आमच्या 'सार'नी, प्रार्थनेच्या रांगेत मला एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी सहाला कोर्टवर ये." मला खेळता येतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांना उंची मिळाली होती.

अशा रीतीने मी शाळेच्या बास्केटबॉल टीमचा सेंटर झालो, म्हणजे रिंगखाली उभं राहायचं आणि सगळ्यांनी आपल्याकडे बॉल टाकायचा. ते टाकायचे. मी सोडायचो. बॉल माझ्या हाताला लागून छातीवर आपटायचा, कधी गुडघ्यावर, एकदा तर तोंडावर. कॅप्टन आमच्यात सगळ्यात बुटका आणि सगळ्यात बोलका. तो मला 'तेन्नमरम' म्हणायचा. तेन्नमरम म्हणजे माड. आणि दोस्ताला तिकडे 'मच्चान' म्हणतात.

"मच्चान, माडाला निदान नारळ तरी लागतात," तो म्हणायचा, "तुझ्या हाताला काहीच लागत नाही डा!"

मलाही हसू यायचं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. वर्गात मी फारसा बोलत नसे. माझं तमिळ गल्लीत शिकलेलं, आणि घरी मराठी. पण सकाळी सहाला फाटकापाशी ही मुलं माझ्यासाठी थांबायची. प्रॅक्टिसनंतर समोरच्या दुकानात एका बाटलीतलं रोझमिल्क चौघांत फिरायचं आणि त्यातला शेवटचा घोट माड म्हणून मला मिळायचा. मला ती टीम सोडायची नव्हती. दुसरं काहीही सुटलं असतं तरी चाललं असतं.

आणि नेमकी तीच सुटायची वेळ आली होती. तिमाही परीक्षा संपल्यावर सारनी मला बाजूला घेतलं. अण्णा नगरमधल्या एका शाळेत चार शाळांच्या मॅच ठरल्या होत्या. मोसमातल्या पहिल्या. दसऱ्याच्या दिवशी एक, मग रोज एक, अशा तीन.

"हे तीन सामने बघतो," सार म्हणाले. "नाही जमलं तर तुला उंच उडीला टाकतो. तिथे पाय लागतात, हात लागत नाहीत."

ते रागावून बोलले नव्हते. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी चेन्नईत अवजारांची पूजा होते आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले, शिंप्याच्या मशीनला हार, विद्यार्थ्यांची पुस्तकं देवापुढे. अभ्यास करायचा नाही, तोही धर्म म्हणून, ह्याहून मोठं सुख मला अजून भेटलेलं नाही. पण आमच्या शाळेत बास्केटबॉलही अवजारात धरला जायचा. सकाळी सारनी खेळाच्या खोलीत सगळे बॉल ओळीने मांडले, प्रत्येकाला चंदनाचे तीन पट्टे ओढून मधोमध कुंकू लावलं, कापूर ओवाळला, आम्हाला चुरमुरे वाटले आणि खोलीला कुलूप घातलं.

मग म्हणाले, "चला, कोर्टवर."

"सार, बॉल?" कॅप्टनने विचारलं.

"बॉलला आज सुट्टी आहे. तुम्हाला कुणी दिली? उद्या मॅच आहे."

"मग खेळायचं कशानं, सार?"

"डोक्यानं. ते पूजेत ठेवलं नाहीस ना?"

आणि आम्ही खरोखरच नसलेल्या बॉलने मॅच सुरू केली. आधी सगळ्यांना लाज वाटत होती. मग कॅप्टनने रिकाम्या हाताने ड्रिबल करायला सुरुवात केली आणि तोंडाने 'टप टप टप' असा आवाज काढू लागला, तसा आमचा धीर चेपला. थोड्याच वेळात भांडणं जुंपली.

"मी अडवला!"

"कुठं अडवलास? तुझ्या हाताखालून गेला!"

"माझ्या हाताला लागला, हे बघ!"

"काय बघू? दाखव बॉल!"

आमच्यात चष्म्याला इलॅस्टिक बांधून खेळणारा एक मुलगा होता. एरवी गरीब, पण त्या दिवशी तो कोर्टच्या मधूनच बॉल फेकायचा आणि प्रत्येक वेळी दोन्ही हात वर करून "गेला!" म्हणून ओरडायचा. कुणाचाच बॉल चुकत नव्हता. गुण मोजणं सारनी केव्हाच सोडून दिलं होतं.

मग कॅप्टनने रिंगखाली मला पास दिला. जोरात दिला, नेहमीसारखा. मी हात पुढे केले, आणि तो माझ्या हातातून सुटला.

मला दुसरं काही सुचलंच नाही. बॉल माझ्या करंगळीला लागून डावीकडे घरंगळला आणि मी त्याच्यामागे धावलो. रेषेबाहेर, पार कडुलिंबापर्यंत. वाकून उचलणार, तेवढ्यात लक्षात आलं की मागे सगळं शांत झालंय.

मी वळलो. चष्मेवाला खाली बसून पोट धरून हसत होता.

"अय्यो, मच्चान!" कॅप्टनच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हते. "नसलेला बॉल सुद्धा सोडलास डा!"

मीही हसायला लागलो. सगळे इतके हसले की वॉचमन बघायला आला. फक्त सार हसत नव्हते. ते चालत माझ्यापाशी आले.

"का सुटला?"

"सार, खरंच सुटला."

"ते बघितलं मी. का सुटला, ते विचारतोय."

मी जरा विचार केला. "मी रिंगकडे बघत होतो, सार. तो येतोय तोवर मी टाकायचा कुठे ते बघत होतो."

"नेहमी असंच करतोस?"

"बहुतेक. हो, सार."

खरा बॉल असता तर आमच्या दोघांच्याही हे लक्षात आलं असतं की नाही, कोण जाणे. खरा बॉल आला की मी घाबरायचो आणि सुटल्यावर खाली मान घालायचो. तो का सुटला ह्याचा विचार करायला कधी सवडच मिळाली नव्हती.

"रिंग खांबाला पक्की बसवलेली आहे," सार म्हणाले. "ती कुठे पळून जात नाही. बॉल पळतो. आधी कुणाकडे बघायचं?"

"बॉलकडे."

"कुठवर?"

"हातात येईपर्यंत, सार."

"मग आता आण तो, तिकडे झाडाखाली पडलाय."

मी गेलो, वाकलो, दोन्ही हातांनी उचलला आणि घेऊन आलो.

दुपारी आईबरोबर बाबांच्या कारखान्यात गेलो. आयुधपूजेला घरच्यांना आत सोडायचे. एरवी कानठळ्या बसवणारी ती शेड त्या दिवशी गप्प होती आणि मशीनांवर झेंडूच्या माळा होत्या. बाबांचा लेथ पुसून लख्ख केलेला. त्याच्या चाकाला कुंकू, पायाशी मोसंबी आणि लिंबं. मी बोट पुढे केलं तर बाबा म्हणाले, "आरं, आज हात लावायचा न्हाई. मशीन झोपलीय ती."

मी त्यांना सकाळची गोष्ट सांगितली. नसलेला बॉल सोडला ते ऐकून बाबा एवढे हसले की शेजारच्या मशीनवरचे काका आले, मग त्यांनाही तमिळमधून सांगावं लागलं. हसून झाल्यावर बाबांनी पूजेतलं एक मोसंबं उचललं.

"हे तर अवजार न्हाई ना?"

आणि त्यांनी ते माझ्याकडे फेकलं. मी झेललं. मग काकांनी फेकलं. मग दोघांनी दोन बाजूंनी. पिवळं मोसंबं मोठं मोठं होत हातात येईपर्यंत मी बघत राहायचो. काही सुटली, एक लेथखाली गेलं, पण बरीचशी हातात आली. आई हळदीकुंकवाचा करंडा हातात घेऊन उभी होती.

"देवाची मोसंबी हायती ती!" ती म्हणाली.

"देवच टाकतोय म्हण," बाबा म्हणाले, आणि त्यांनी एक तिच्याकडे फेकलं. आईने एका हाताने झेललं. करंडा तसूभर हलला नाही.

दसऱ्याला सकाळी सारनी पूजा उठवली आणि बॉल बाहेर काढले. चंदन सुकून बॉलला धरलं होतं. इथे आपट्याची पानं मिळत नाहीत, म्हणून आई कुंपणाजवळच्या कांचनाची पानं तोडते. ती मी टीममध्ये वाटली.

"हे काय?" कॅप्टनने विचारलं.

"सोनं."

"खरं? मग सेठकडे नेऊन चेन करून घेऊ या." पण त्याने ते पान बुटात नीट ठेवलं. सारनी शिट्टीच्या खिशात ठेवलं.

बाबांना सुट्टी होती, ते पहिल्या मॅचला आले. सुरुवातीलाच कॅप्टनने मला पास दिला. मी बघत राहिलो, बघत राहिलो, आणि बॉल माझ्या दोन्ही हातांत येऊन बसला. सुटला नाही! मला इतका आनंद झाला की मी तो धरून तसाच रिंगखाली उभा राहिलो. तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. शिट्टी वाजली आणि बॉल दुसऱ्या टीमला गेला.

"फोटो काढून घेतोस का?" कॅप्टन किंचाळला.

ती मॅच आम्ही हरलो. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "तू तर झ्याक धरलास. मग त्यानं शिट्टी का वाजवली?"

"धरून ठेवायचा नसतो, बाबा. टाकायचा असतो."

"हात्तिच्या. मग सांगायचं न्हाई का कुणी."

दुसऱ्या मॅचमध्ये मी धरले आणि टाकलेही. सगळे आत गेले असं नाही, पण काही गेले आणि आम्ही जिंकलो. कॅप्टन माझ्या पाठीवर चढून बसला आणि वरून दिसणारं अण्णा नगर सगळ्यांना मोठमोठ्याने सांगत राहिला.

तिसरी मॅच शेवटपर्यंत अटीतटीची झाली. थोडाच वेळ उरला होता, आम्ही एका गुणाने मागे होतो, आणि पास माझ्याकडे आला. मी तो नीट घेतला, मग रिंगकडे बघितलं, मग टाकला. बॉल रिंगवर आपटून बाहेर आला. आधीचा मी असतो तर तिथेच डोळे मिटले असते. पण सवय लागली होती, माझी नजर बॉलवरच राहिली. तो खाली येताना मला एवढा मोठा दिसला, कारखान्यातल्या मोसंब्यासारखा. मी उडी मारून तो धरला. समोर चष्मेवाला मोकळा होता. त्याला दिला. त्याने टाकला आणि ह्या वेळी "गेला!" म्हणून ओरडला तेव्हा तो खरोखरच गेला होता.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. सार पुढे दाराजवळ उभे होते, जाळीच्या पिशवीतले बॉल पायाशी. मी मधे दांडा धरून उभा होतो. बाकीचे मागे गात होते. मला गाता येत नव्हतं. तीन सामने झाले होते आणि सार मला अजून काहीच म्हणाले नव्हते.

"तेन्नमरम!" मागून हाक आली.

कॅप्टन सीटवर उभा होता. त्याने दोन्ही हातांनी डोक्यावरून काहीतरी माझ्याकडे फेकलं. हातात काही नव्हतं. मी दांडा सोडला, लोकांच्या डोक्यांवरून येणाऱ्या त्या बॉलवर नजर ठेवली आणि धरला. शेजारच्या बाई टोपली सावरून बाजूला सरकल्या. कंडक्टर माझ्या हातांकडे बघू लागला.

मला काय वाटलं कोण जाणे, मी वळलो आणि तो बॉल सारकडे टाकला.

टाकल्यावर भीती वाटली. मागचं गाणंही थांबलं. सारच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी सवयीने तोंडात धरलेली शिट्टी काढली, दोन्ही हात वर करून बॉल झेलला, वाकून जाळीच्या पिशवीचं तोंड सैल केलं, तो बाकीच्या बॉलमध्ये ठेवला आणि पुन्हा गाठ मारली.

"उद्या सहाला," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "कोर्टवर. आणि ही पिशवी तू आणायचीस."