महजूबाची रिकामी ताटली

सले शहराच्या जुन्या गावात महजूबानं जिचं अंग घासलं नाही अशी बाई सापडली, तर ती खुशाल परगावची समजावी. हमामखान्यातल्या सगळ्यात आतल्या, सगळ्यात गरम खोलीत, टाक्याला लागून असलेली फरशी तिची. काळ्या साबणानं मऊ झालेलं अंग समोर घ्यायचं, हाताला खरखरीत पिशवी चढवायची आणि पाठीवरून मळाच्या शेवया ओघळायला लागल्या की खूश व्हायचं. नवरा वारला तेव्हा मालकीणबाईंनी, म्हणजे लल्ला बतूलनं, तिला या फरशीवर आणून बसवलं होतं. दुसरं काम तिला येत नव्हतं आणि दुसरं करावंसंही वाटत नव्हतं.

पुढे लल्ला बतूलच्या मुलानं कारभार हाती घेतला. अन्वर कासाब्लांकाला व्यवस्थापनाचं दोन दिवसांचं शिबिर करून आला होता. दोन दिवसांत एवढा बिघडलेला माणूस गावानं आजवर पाहिला नव्हता. बायकांच्या वेळेत त्याला आत यायची सोय नाही, म्हणून तो दाराच्या जाड पडद्याबाहेरूनच ओरडला, "आजपासून कामगिरीप्रमाणे पगार! जी जास्त मळ काढेल तिला जास्त. प्रत्येकीनं आपापल्या ताटलीत मळ गोळा करायचा. खद्दूज तोलेल."

गल्ल्यावरची खद्दूज म्हणाली, "कशावर तोलू? माझ्या डोक्यावर?"

पडद्याखालून एक हात आत आला. त्यात केशर तोलायचा तराजू होता.

"आणि महिनाअखेर जिचा मळ कमी भरेल, तिनं घरी बसायचं."

"अन्वर बाळा," महजूबा म्हणाली, "लहानपणी आईबरोबर यायचास तेव्हा तुला मीच घासलंय. तेव्हाचा मळ जपून ठेवला असता तर आज गडगंज असते मी."

आतल्या बायका खो-खो हसल्या. पडदा म्हणाला, "जुना मळ धरणार नाही."

महजूबा मात्र मनात हिशोब मांडू लागली. तिची गिऱ्हाइकं सगळी दर आठवड्याला येणारी, लख्ख. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुसरी घासणारी यमना भलती चलाख. तिनं पहिल्याच दिवशी कुंभारवाड्यातल्या बायकांना संत्री वाटून आपल्याकडे वळवलं. शिवाय ती केसांना लावायची माती हळूच ताटलीत कालवायची.

"हा मळ आहे का माठ?" खद्दूजनं विचारलं.

"बाई कुंभारीण आहे. अंगातच मुरलंय तिच्या," यमना म्हणाली.

शेवटी महजूबानंही लाज सोडली. बायकांना म्हणाली, "पंधरा दिवस येऊ नका. मग या." मास्तरणीला राग आला, ती जी गेली ती गेलीच. शिंप्याची विधवा बिचारी मायाळू. ती चुलीतल्या राखेत लोळूनच आली आणि वाटेत चार पोरं तिला भूत समजून पळाली. हळूहळू सगळ्या गल्लीला कळलं. बायका घरोघरी मळ राखू लागल्या, नवरे गच्चीवर झोपू लागले.

अन्वर खूश! दर बाईमागे मळ तिप्पट झाला होता. फक्त बायका कमी झाल्या होत्या आणि भट्टी तेवढीच लाकडं खात होती.

"मळ वाढला, मग गल्ला का घटला?" त्यानं पडद्याला विचारलं.

"बायका घरी पीक घेतायत, अन्वरशेठ," खद्दूज म्हणाली.

यात महजूबाला खरं लागलं ते वेगळंच. दर गुरुवारी न चुकता येणारी लल्ला बतूल यायची थांबली. तिच्या अंगातून तोळाभरही मळ निघाला नसता, तरी महजूबा दर गुरुवारी तिच्यासाठी बादली भरून ठेवायची आणि गार झाली की ओतून द्यायची. मुलाच्या बाजूची झाली म्हातारी, असं तिला वाटलं. फार वाईट वाटलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी यमना थोडीशीच पुढे होती. कुणी एक बरी मळकी बाई आली असती, तर महजूबा तरली असती. आणि तेवढ्यात वास आला. वासामागून लल्ला बतूल आली. बायकांनी नाकाला टॉवेल लावून वाट दिली.

"घे," फरशीवर आडवी होत ती म्हणाली, "महिनाभर अंगाला पाणी लावलेलं नाही. उद्या अन्वरला मुलीकडचे बघायला येतायत. तो पाया पडला, रडला, तरी नाही धुतलं. सगळं तुझ्यासाठी राखलंय. कर कापणी."

महजूबा घासत होती आणि रडत होती. ताटली भरली, वर शीग आली. खद्दूज तराजू घेऊन दारात उभी. बायका माना उंचावून बघायला लागल्या, यमना तर अगदी जवळ सरकली. मालकीणबाईंच्या अंगाचा मळ चव्हाट्यावर तोलला जाणार होता.

महजूबानं बादली उचलली आणि ताटलीवर ओतली. सगळं मोरीतून वाहून गेलं.

"अगं भवाने!" लल्ला बतूल किंचाळली. "एका महिन्याची कमाई माझी!"

"तुमचा मळ मी लोकांपुढं मांडणार नाही, लल्ला. घरी बसेन."

पडद्याबाहेरून अन्वर ओरडला, "निकाल काय?"

"यमना जिंकली," खद्दूजनं सांगितलं.

"मग महजूबानं उद्यापासून येऊ नये."

लल्ला बतूल तशीच ओली, टॉवेल गुंडाळून पडद्यापाशी गेली. "ठीक आहे, बाळा. मग मीही आजपासून पुन्हा नाही धुणार. उद्या पाहुण्यांसमोर येते राख फासून. होणाऱ्या सुनेलाही सांगेन, या घरात मळाला मान आहे."

पडदा हलला. बाहेर कुणीतरी कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज आला.

"तराजू बाहेर द्या," पडदा म्हणाला.

पुढच्या गुरुवारी लल्ला बतूल आपल्या वेळेला आली. महजूबानं पिशवी चढवली आणि खांद्यापासून टाचेपर्यंत सगळं अंग मन लावून घासलं.

"काय निघालं गं?" म्हातारीनं डोळे मिटूनच विचारलं.

"काही नाही, लल्ला."

"मग बरोबर चाललंय तुझं," ती म्हणाली आणि कूस बदलली.