गाडीचा रोटर कोणाकडे द्यायचा

माझे धाकटे दीर आयुष्यभर गाड्यांच्या सीटा शिवत आले. गल्लीत त्यांना सगळे गादीवाले म्हणतात. वाकडी सुई, मेण लावलेला दोरा आणि रेक्झिनचा वास यांतच त्यांचे दिवस गेले. रोज पाचपन्नास गाड्यांत बसणारा हा मनुष्य एकाही गाडीतून कोठे गेला नाही, असे माझी धाकटी जाऊ म्हणे. ते खरेही होते.

पुढे भंगारवाल्याच्या आवारात त्यांना एक जुनी गाडी दिसली. गोल नाकाची, मोठ्या डोळ्यांसारखे दिवे असलेली. ते मॉडेल निघायचे बंद होऊन जमाना लोटला होता. भंगारवाल्याच्या ट्रकच्या सीटा शिवून देऊन त्या बदल्यात त्यांनी ती घेतली. इंजिन मेकॅनिक मित्राने लावून दिले. सीटा त्यांनी स्वतः शिवल्या. तशी शिवण त्यांनी गिऱ्हाइकाला कधी दिली नसेल. गाडी दारात आली तेव्हा जाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बघा वहिनी, म्हातारपणी सवत आली.” तेव्हापासून गाडीचे नाव सवतच पडले.

अशा जुन्या गाड्यांवर चोरांचा डोळा असतो, असे मेकॅनिकने बजावले होते. म्हणून दिरांनी ड्रायव्हरच्या सीटच्या शिवणीत एक चोरबटण बसवले. ते दाबल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. काम इतके सुबक झाले की त्यांना राहवेना. आठवड्याच्या आत चहाच्या टपरीवरच्या प्रत्येकाने ते बटण दाबून पाहिले होते.

जाऊ रागावली नाही. ती म्हणाली, “अहो, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. कुलूप तुम्ही लावा. किल्ली कुठे आहे ते मला एकटीला ठाऊक असू द्या.”

त्यातून त्यांच्या घरात एक रीत पडली. इंजिनात रोटर नावाचा अंगठ्याएवढा तुकडा असतो, त्यावर पितळेची पट्टी असते. तो काढून घेतला की इंजिन नुसते घरघरते, पेट घेत नाही. रोज संध्याकाळी दीर गाडीचे बॉनेट उघडून तो काढीत, पुसून जाऊच्या हातावर ठेवीत आणि म्हणत, “सवत झोपली.” जाऊ तो लपवी. रोज नवी जागा. सकाळी चहाच्या कपाशेजारी रोटर आपोआप हजर असे. कुठे ठेवला होता हे विचारायचे नाही, हा करार होता आणि दिरांनी तो पाळला. एकदा मिठाच्या बरणीत ठेवल्यामुळे पितळेवर डाग पडले. त्यांनी ते मुकाट्याने घासले. एकदा तर जागा तीच विसरली. सगळे घर पालथे घालताना म्हणाली, “चोराला काय, मलाही सापडत नाही. बंदोबस्त पक्का आहे.”

एका संध्याकाळी तिला चक्कर आली. दिरांनी तिला दवाखान्यात नेले. तेथून ती परत आली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर घरच्यांच्या ध्यानात आले की रोटर तिच्याकडेच होता. आम्ही डबे उपसले, उशा चाचपल्या, घड्याळामागे पाहिले, जुन्या बुटांत हात घातले. दीर आमच्याबरोबर उठत, बसत. पण शोधत नव्हते. दुःखात मनुष्याचे हात चालत नाहीत, असे मी समजले.

नंतर त्यांनी काम सोडले आणि गाडीच्या शेडमध्ये खुर्ची टाकली. दिवसभर ते तेथे बसून राहत. स्वयंपाकघरात एकच कप वापरात होता. दुसरा फडताळात पालथा. आमच्याकडे राहायला या, असे मी पुष्कळदा सांगितले. प्रत्येक वेळी एकच उत्तर: “गाडी टाकून कसा येऊ, वहिनी?”

एके दिवशी दुपारी ते डोळे तपासून घेण्यासाठी गेले होते. तेवढ्यात कामगारांचे कपडे घातलेले दोघे जण आले. त्यांनी शेडचे कुलूप तोडले आणि गाडी दुरुस्तीला नेत आहोत असे समोरच्या इस्त्रीवाल्याला सांगितले. त्याला खरे वाटले. त्याने धक्काही मारून दिला. गाडी उतारावरून खाली गेली. चोरांना चोरबटण ठाऊक होते, टपरीने आपले काम केले होते. परंतु वळणावर कितीही खटपट केली तरी इंजिन पेटेना. लोक जमू लागले तसे दोघेही पसार झाले.

दीर परतले तेव्हा गाडी भिंतीला नाक लावून उभी होती. त्यांनी बॉनेट उघडले, रोटरची रिकामी जागा पाहिली आणि पुन्हा बंद केले. गल्लीने गाडी ढकलत वर आणली. इस्त्रीवाला सर्वांत पुढे होता आणि मान वर करीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गेले. मेकॅनिकही आला होता. दुसऱ्या गाडीचा रोटर घासून बसवून देतो, मग गाडी वहिनींच्या, म्हणजे माझ्या, घरी न्या, तेथे फाटकाचे अंगण आहे आणि सोबतही होईल, असे तो म्हणाला. दिरांनी नकार दिला. कारण सांगितले नाही. मला राग आला. खराच रोटर शोधून यांच्या पुढ्यात ठेवते, असे मनाशी ठरवून मी स्वयंपाकघरात गेले. दारामागच्या खुंटीवर जाऊचा स्वेटर होता. अवघड जागा शोधण्याच्या नादात आम्ही कोणीही त्याच्या खिशात हात घातला नव्हता. मी घातला आणि रोटर हाताला लागला.

वळले तर दीर दारात उभे होते.

“मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून.”

“मग काढला का नाही, भावजी?”

“तिने तो लपवलाच नव्हता. मी हातावर ठेवला, तिने खिशात टाकला, आणि चक्कर आली. स्वेटर मीच उतरवून खुंटीला अडकवला.” त्यांनी स्वेटरची बाही सरळ केली. “सकाळी काढून बसवला असता, वहिनी. पण संध्याकाळी कोणाकडे देऊ?”

मी रोटर माझ्या पिशवीत ठेवला आणि सांगितले की आता तो माझ्याकडे राहील. सकाळी चहाच्या कपाशेजारी मिळेल. मात्र त्यासाठी चहाला माझ्या घरी यावे लागेल. ते नको म्हणाले नाहीत.

ते येतात. रोज नव्हे, अधूनमधून येतात. शेडला नवे कुलूप लावून, बसने. मी कपाशेजारी रोटर ठेवते. ते त्याच्याकडे पाहतात, चहा पितात, माझ्या मुलाची खुशाली विचारतात आणि जायला उठतात. रोटर तेथेच राहतो. ते गेले की मी तो उचलून पुसते, आणि संध्याकाळी त्याच्यासाठी घरात नवी जागा शोधते.