प्रणोतीची खुर्ची

दुपारच्या जेवणानंतर वैजू क्रीडाखोलीतल्या मॅटवर आडवी होते ती, तिच्या मते, फक्त विचार करायला. फळ्यावर तिनं आजच्या व्हॉलीबॉल सरावाची आखणी लिहिली आहे: अंग मोकळं करणं, जोड्यांनी पासिंग, सर्व्हिस, मधे पाणी. शेवटी ठळक अक्षरांत, 'प्रणोती – खुर्चीवर'. प्रणोती म्हणजे तिची सेटर. चेंडू उचलून देणारी हीच, आणि अख्खा संघ तिच्या बोटांवर चालतो. पोरीचा गुडघा सुजलाय. डॉक्टर म्हणाले, महिनाभर उडी नाही. म्हणजे रविवारचा अंतिम सामना तिच्याविना. बरी होईपर्यंत खुर्चीत बसून नुसती बोटं चालवू दे, असं वैजूनं ठरवलंय. तिचे डोळे मिटतात.

दार उघडत नाही, पण हिंगमिरे सर आत आलेले असतात. तिचे शाळेतले कोच. दिवाळीआधी वारले, साखरेनं दोन्ही पाय त्याच्याही आधी नेले होते. आज मात्र पांढरे बूट घालून चालत आलेत, गालात नेहमीची लवंग.

"सर, पाय?"

"मिळाले परत. तिकडं डॉक्टर नाहीत."

सर फळा वाचतात आणि हसतात. मेल्यावर माणूस मवाळ होतो म्हणे. यांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

"खुर्ची? सराव घेतेस का हळदीकुंकू गं?"

फळ्यामागं मैदान आहे. मैदानात वैजूच्या आईचं स्वयंपाकघर, ओट्यावरून नेट बांधलेलं, आणि तिथं शाळकरी वैजू गुडघ्याला पट्टी गुंडाळून उड्या मारतेय.

"थांबवा तिला, सर! तो गुडघा आता जाणार."

"जाऊ दे. कप आला का नाही?"

"आला. आणि मी अजून जिना कठडा धरून, एकेक पायरी उतरते."

"हरलेल्या संघातल्या एका पोरीचं नाव सांग."

वैजू आठवून बघते. एकही आठवत नाही.

"बघ," सर म्हणतात. तिच्या गळ्यातली शिट्टी ओढून ते जोरात फुंकतात. ओट्यावरचं दूध उतू जातं आणि नेटच्या दोन्ही बाजूंच्या पोरी चेंडूसाठी फरशीवर धडाधड अंग टाकतात.

ती दचकून उठते. फळा जसाच्या तसा आहे. तिला सरांचा संताप येतो, शाळेत यायचा तसाच. आणि रविवारचा कप हवा असतो, फार हवा असतो. शेवटची ओळ ती तळहातानं पुसून टाकते.

मैदानावर प्रणोती लंगडत, स्वतःच खुर्ची घेऊन येतेय. वैजू शिट्टी वाजवायला जाते तर ती वाजत नाही. झटकल्यावर हातावर एक लवंग पडते, चावलेली, ओली.

"प्रणोती, खुर्ची आत ठेव. नेटजवळ ये."

पोरीचा चेहरा इतका खुलतो की वैजूला तिकडं बघवत नाही.

"खरंच, मॅडम? रविवारी खेळू मी?"

वैजू लवंग गालात सरकवते.

"उडी मार," ती म्हणते.