नडगीवरचा खड्डा

आमच्या घरात मेंढीची तब्येत तिच्या हनुवटीखाली हात घालून बघतात. तिथं पाण्याची थैली लोंबायला लागली, की कलेजी गेली असं समजायचं. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही मोठे बा म्हणायचो, अशी मेंढी कळपातून बाजूला काढत. तिला औषध नाही, तिच्यासाठी थांबणं नाही. पुढं कापल्यावर कलेजीत पानासारखे चपटे किडे निघत. मोठे बांचा अंदाज चुकलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. म्हणूनच मायच्या अंगावर सूज आली तेव्हा मला मोठे बांची भीती वाटली.

मायच्या पोटरीत बाभळीचा काटा मोडला होता. तिनं तो सुईनं उकरून काढला, वर हळद दाबली आणि पुन्हा कामाला लागली. जखम चिघळली. आधी पाय तापला, मग सगळं अंग. ती मलाच ओळखेना तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि मी तिला चारठाण्याहून परभणीच्या दवाखान्यात आणलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात कॉलेज पुन्हा बंद होतं, त्यामुळं मी दिवसभर तिच्याजवळ असायचो. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. डॉक्टर काय बोलतात ते मला कळतं, असं दादांना वाटायचं. मला फारसं कळत नव्हतं.

डॉक्टरांनी जखम उघडून पू काढला, सलाईन आणि इंजेक्शनं सुरू केली. तरी माय फुगतच गेली. पाय, हात, मग पापण्या. सुई टोचल्या जागेवरचा कापूस बदलला तरी पुन्हा लाल व्हायचा.

अशात मोठे बा आले. माय त्यांची धाकटी भावजय. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांच्यासमोर तोंड उघडं ठेवलं नव्हतं. त्यांच्या खोकल्याचा आवाज आला की पदर पुढं यायचा. त्या दिवशी पदर उशीवर तसाच पडून होता. मी घाईनं तो तिच्या चेहऱ्यावर ओढला. मोठे बांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

"नडगीवर अंगठा दाब," ते म्हणाले.

मी दाबला.

"उचल आता. खड्डा ऱ्हायला का?"

"ऱ्हायला."

"भरायलाय का?"

"न्हाई, मोठे बा."

ते दादांना घेऊन व्हरांड्यात गेले. मीही मागं गेलो.

"पाणी उतरलंय. कलेजी गेली तिची," ते म्हणाले. "जीपवाल्याला सांगून ठिवलंय, सकाळी घरी न्यू. माणसानं आपल्या दारात जावं, हितं लोखंडाच्या खाटेवर न्हाई."

दादा थोरल्या भावाला कधी उलट बोलले नव्हते. टॉवेलाची घडी घालत, उलगडत ते म्हणाले, "तुमी म्हणताल तसं."

मी सरळ डॉक्टरांच्या खोलीकडं गेलो, आणि दारातच थबकलो. त्यांना एक प्रश्न विचारायचा म्हणजेसुद्धा मला धडकी भरत होती. ते हात धूत होते.

"साहेब, मायचं लिव्हर सडलंय का?"

"कोण म्हणालं?"

मी मेंढ्यांचं सांगितलं. ते हसले नाहीत.

"खूण खोटी नाही त्यांची," ते म्हणाले. "रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, ते लिव्हर बनवतं. त्याच्यामुळं पाणी रक्तात धरून राहतं. ते कमी झालं की पाणी अंगात उतरतं, मेंढीचं काय नि माणसाचं काय. पण मेंढीचं लिव्हर किडे पोखरतात. तुझ्या आईचं लिव्हर जाग्यावर आहे. जंतू रक्तात पसरले की ते रोजचं काम मागं टाकतं आणि लढाईला लागणारी प्रथिनं बनवत सुटतं. अल्ब्युमिन कमी पडतं, असतं तेही नसांतून झिरपतं. रक्त गोठवणारी प्रथिनंही लिव्हरच बनवतं. ती या धुमाळीत संपत जातात, म्हणून तो कापूस लाल होतो."

"मग ती बरी होईल?"

"जंतू हटले तर. ते आज सांगता येत नाही. पण सलाईन काढून घरी नेलीत, तर सांगायला काही उरणार नाही."

व्हरांड्यात मोठे बा तंबाखू मळत होते. "आला का डाक्टर होऊन?"

अल्ब्युमिन हा शब्द माझ्या जिभेवर आला आणि तिथंच राहिला. "मोठे बा," मी म्हणालो, "मेंढरांच्या वाड्यावर लांडगा आला की आपण काय करतो?"

"काठ्या घेऊन धावतो. काहून?"

"तवा कोकरं कोण पाजतं?"

"कोण पाजंल? वरडत बसत्यात."

"मायची कलेजी तशी धावायलीय. कोकरं उपाशी हायत, म्हणून सूज. कलेजी मेली न्हाई."

त्यांचा हात थांबला.

"आन लांडगा गेला का?"

हो म्हणावंसं फार वाटलं. "अजून न्हाई," मी म्हणालो. "जाईल का, ते डॉक्टरलाबी ठावं न्हाई."

"मंग कशाच्या जिवावर थांबायचं?"

तेव्हा दादा बोलले, भावाकडं न बघता. "काठ्या टाकून कसं यावं हो?"

मोठे बांनी तंबाखू तोंडात टाकली. "जीप हितंच थांबंल मंग. रोज बघू. ज्या दिवशी मी म्हणंल त्या दिवशी निघायचं."

त्यानंतर रोज सकाळी ते खिडकीकडं तोंड करून उभे राहत आणि मी अंगठा दाबायचो. खड्डा तसाच असायचा. ताप थोडा उतरला, तरी तसाच. सूज सगळ्यात शेवटी जाईल, लिव्हरला पुन्हा साठा करायला वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पण मोठे बांचा विश्वास खड्ड्यावर होता. रोज ते खिडकीतून बाहेर उभ्या जीपकडं बघत.

एका सकाळी दारातून त्यांचा खोकला ऐकू आला. मी नडगीवरची चादर सारतच होतो. मायचा सुजलेला हात अंथरुणावरून हलला. बोटं जड झाली होती, ती उशी चाचपत राहिली. मग त्यांना पदराचा काठ सापडला. तिनं तो हळूहळू ओढून नाकापर्यंत आणला.

मोठे बा उंबऱ्यातच थांबले. मी अंगठा टेकवला होता.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नको दाबू."

आणि जीपवाल्याला परत पाठवायला ते बाहेर गेले.