वसंतरावांचा धोंडा

वसंतरावांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी माझ्या अंगावर धोंडा लोटला तेव्हा. गौरवग्रंथात असं लिहू नये, पण घडलं तसंच. साठच्या दशकाची अखेर. अकोल्याच्या शाळेत मी नवीनच लागले होते. शिक्षक मंडळी नाटक बसवत होती. मी नायिका, नेपथ्य चित्रकलेच्या वसंतरावांचं. तालमीत कडा कोसळला, मी किंचाळून खाली बसले आणि तो काळाकभिन्न धोंडा माझ्या खांद्यावरून उशीसारखा घरंगळला.

तो थर्माकोल होता. कुठल्याशा यंत्राच्या खोक्यातून आलेला; आमच्यापैकी कुणी तो कधी पाहिलाही नव्हता. वसंतराव सेमाडोहच्या जंगलातून आणलेला खरा दगड समोर ठेवून थर्माकोल कोरायचे, खळीने कागद चिकटवायचे, मग माती, काजळी, शेवटी शेवाळाचा हिरवा हात. तेलरंगाने थर्माकोल विरघळतो, हे त्यांना एक अख्खा कडा गमावून कळलं होतं. चिडले नाहीत, पुन्हा कोरायला बसले.

प्रयोग अमरावतीला होता. माझे वडील तिथलेच वकील, जुन्या वळणाचे. एकच प्रयोग, तोही त्यांच्यासमोर, या अटीवर त्यांनी होकार दिला होता. वडीलधारे म्हणून नारळ फोडायचा मान त्यांचा. बाबांनी समोर दिसला त्या दगडावर नारळ हाणला. नारळ फुटला नाही, रुतून बसला. सगळे गार पडले. बाबांचा चेहरा पांढराफटक.

"देवानं नाही म्हटलं. चाल घरी," ते म्हणाले.

वसंतराव पुढे आले. त्यांच्या मेहनतीला भलामोठा खड्डा पडला होता, तरी हात त्यांनीच जोडले. "वकीलसाहेब, चूक माही आहे. मी आधी सांगाले पायजे होतं." आणि धोंडा एका हाताने उचलून त्यांनी बाबांपुढे धरला. बाबांनी अंगातला सगळा जोर लावून तो घेतला आणि तोल जाऊन मागेच गेले. तो उलटासुलटा करून पाहिला. मग त्यांनी खरा दगड मागितला, वसंतरावांनी सोबत आणलेला सेमाडोहचा दगड पुढे केला. बाबांनी तो बोटांनी वाजवून पाहिला आणि त्यावर नारळ फोडला.

प्रयोग रंगला. शेवटी कडा कोसळला. तोच धोंडा, खड्डा मागे फिरवलेला, माझ्यावर आला. आणि तो स्वतःच्या हातांनी तोलून पाहिलेले माझे बाबा पहिल्या रांगेत ताडकन उभे राहून ओरडले, "पोरी, सरक!"

त्यानंतर बाबांनी मला नाटकाला कधी अडवलं नाही. मात्र दर प्रयोगाआधी विंगेत येऊन ते सगळे दगड वाजवून बघायचे.

आज वसंतराव पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांची प्रकृती मात्र सेमाडोहच्या त्या दगडासारखी अस्सल राहो, आणि त्यांचे हात आम्हाला आणखी खूप वर्षं फसवत राहोत.