खंजन अजून आला नाही

आमच्या आतोबांइतका, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांइतका, अस्वस्थ माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात सापडायचा नाही. आत्या सांगते, बोहल्यावरूनसुद्धा ते दोनदा उठून मांडवाच्या दोऱ्या तपासून आले होते. दौलतगंजातल्या त्यांच्या घरी चहाला जावं, तर पहिला घोट ते बैठकीत घेतात, दुसरा जिन्यात, आणि कप सापडतो छतावर, पाण्याच्या टाकीजवळ. बाड्यावरच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या चौकातल्या, एका बँकेत त्यांनी सगळी नोकरी काढली, पण त्यांची खुर्ची शेवटपर्यंत नवीच राहिली.

ही सगळी धावपळ दसऱ्याच्या सुमारास एका वीतभर पक्ष्यापाशी येऊन ठेपते. काळा-पांढरा, सतत शेपटी हलवत तुरुतुरु पळणारा. तिकडे महाराष्ट्रात त्याला धोबी म्हणतात, आमच्याकडे खंजन. तो थंडीबरोबर पहाडांतून येतो आणि होळीनंतर परत जातो. आतोबांच्या घरात ऋतू कॅलेंडर पाहून बदलत नाहीत. खंजन छतावर उतरला की बाजारातून तिळगुळाची खुसखुशीत गजक येते, पेटी उघडते, स्वेटर आणि रजया निघतात. तो गेला की कूलर पुसायला घेतात. एका वर्षी तो बराच रेंगाळला, तेव्हा सगळं घर घामाने निथळत असताना आतोबा कूलरसमोर हात पसरून उभे! "अरे, पाहुणा अजून घरात आहे आणि तुम्ही गर्मीचं सामान काढता? त्याला बुरं नाही वाटणार?"

गेल्या वर्षी त्यांच्या पुण्यात राहणाऱ्या मुलाने धोशा लावला, "आता दोघंही इकडेच या, कायमचे." आत्या नातीच्या ओढीने श्रावणापासूनच बॅग भरायला लागली. आतोबा हो म्हणेनात की नाही म्हणेनात. जिन्यावरच्या खेपा मात्र दुप्पट झाल्या. शेवटी एकदा म्हणाले, "ठीक आहे. खंजन येऊ दे. त्याला भेटलो की दुसऱ्याच दिवशी निघू. पक्कं!"

दसरा झाला, दिवाळी झाली. मुलगा रोज फोनवर विचारी, आत्या रोज जिन्याखालून विचारी, "आला का हो?" वरून उत्तर येई, "नाही!" एका सकाळी मी छतावर गेलो, तर टाकीखालच्या ओलीत खंजन ऐटीत फिरत होता. मी ओरडणार तेवढ्यात आतोबांनी माझं मनगट धरलं.

"चिमणी आहे ती," ते म्हणाले.

जन्मभर या पक्ष्याची वाट पाहिलेला माणूस! माझी नजर चुकवून ते कठड्यावरची धूळ झटकू लागले. मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. मीही खाली जाऊन आत्याला काही बोललो नाही.

पंचाईत केली ती थंडीने. ग्वाल्हेरची थंडी कुणाची भीड ठेवत नाही. पण पक्षी आलाच नाही म्हटल्यावर स्वेटर मागायचा कोणत्या तोंडाने? आतोबा सुती कुडत्यात छतावर येरझाऱ्या घालत आणि दात वाजवत मलाच विचारत, "कहाँ आहे थंडी?"

अशाच एका धुक्याच्या सकाळी आत्या स्वतः वर आली. तिचे गुडघे दुखतात, ती एरवी जिना चढत नाही. खंजन समोरच कठड्यावर शेपटी हलवत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आतोबांच्या निळ्या पडलेल्या बोटांकडे. आतोबा जागच्या जागी उभे होते. असे स्थिर मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

"चिमणीच आहे," आत्या म्हणाली आणि हातातला तपकिरी स्वेटर तिने त्यांच्या खांद्यांवर घातला.

तो स्वेटर पुण्याच्या बॅगेत अगदी तळाशी होता. मला ठाऊक होतं, कारण बॅग भरायला मीच मदत केली होती. आम्ही खाली आलो, तेव्हा बॅग रिकामी होती आणि नातीसाठी घेतलेला फ्रॉक तेवढा पलंगावर घडी करून ठेवला होता. आत्याने चहा आणला. आतोबा तिच्या शेजारी टेकले आणि त्या फ्रॉककडे बघत त्यांनी पहिल्यांदाच अख्खा कप एका जागी बसून संपवला.