राज्याभिषेकाचं पाणी

काल एकटीनंच ह्यांची पेटी उघडली आणि दाढी चिकटवायच्या गोंदाचा जुना वास आला. लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळातलं उदगीरचं नाटक डोळ्यांपुढं उभं राहिलं.

नाटकातला राजा हे होते. सिंहासन तुझ्या नशिबात आहे, असं भाकीत ऐकून भावाला मारणारा आणि शेवटी त्याच सिंहासनापाशी मरणारा. ह्यांचा तो मरणाचा प्रवेश बघायला पुण्याहून नाटक कंपनीचे मालक आले होते. हे त्यांना पसंत पडले असते तर आयुष्यच बदललं असतं.

राज्याभिषेकाच्या प्रवेशाला खरंच पाणी हवं म्हणून ह्यांनीच हट्टानं घरची घागर भरून नेली होती. पुरोहितानं ती उचलली तशी प्रेक्षकांत पुढं बसलेली एक म्हातारी कळवळली, "आरं, सांडू नको रं लेकरा!"

ह्यांनी पुरोहिताचा हात धरला. घागर घेऊन खाली उतरले आणि म्हातारीपुढं ठेवली. अभिषेकच झाला नाही, मग राजा मरणार कसा? पडदा पाडावा लागला. मालक निघून गेले.

घरी येताना मी रडत म्हणाले, "नशिबातच नव्हतं."

"नशिबाला कशाला बोलतीस? मीच ठरवलं की."

गेल्या महिन्यात त्यांना शेवटची आंघोळ घातली. डोक्यावर पहिला तांब्या मी ओतला. या वेळी त्यांनी हात धरला नाही.